पडणाऱ्यांच्या जिवावर

लोक भेटले की आधी माझ्या दंडांकडे बघतात आणि मग चेहऱ्याकडे. दोन्हीकडे त्यांची निराशा होते. पडद्यावर गोदामभर माणसं लोळवणारी बाई मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून हार मानते, हे त्यांच्या पचनी पडत नाही. मग तो प्रश्न येतो, जो मी पहिला चित्रपट केला तेव्हापासून बदललेला नाही : "मॅडम, तुम्ही खरंच मारता का हो?"

संपादकांनी कळवलं होतं, तुमच्या संघर्षाबद्दल लिहा. संघर्ष हा शब्द मी मुलाखतींत इतका वापरलाय की आता तो उच्चारला की मलाच जांभई येते. त्यापेक्षा धंद्याबद्दल लिहिते. धंदा संघर्षापेक्षा बराच करमणुकीचा आहे.

मी मूळची पौडच्या पुढची, घाटाकडच्या एका लहान गावातली. नाव कुसुम. आई लवकर गेली, आत्यानं वाढवलं. पुण्याला कॉलेजात असताना उंचीमुळे एका छायाचित्रकाराच्या नजरेत आले आणि मॉडेल झाले. पहिलं काम डोंगरातल्या बंगल्यांच्या एका प्रकल्पाच्या माहितीपत्रकाचं. गॅलरीत उभं राहून, हातात कॉफीचा कप धरून, दरीकडे प्रसन्नपणे बघायचं. कप रिकामा होता. गॅलरीच्या मागे खोली नव्हती, बांबूचे टेकू होते. प्रकल्प पुढे बारगळला, पण माहितीपत्रकात मी अजून तिथं राहते आहे आणि सुखात आहे.

मॉडेलचं काम म्हणजे उभं राहणं. भर मे महिन्यात स्वेटर घालून उभं राहणं, पौषात शिफॉन नेसून उभं राहणं, आणि समोर काहीही नसताना काहीतरी दिसल्यासारखं बघणं. हे मला बरं जमायचं. लहानपणी भाताच्या खाचरातली पाखरं हाकायला तासन्‌तास उभी राहिलेली मी. त्या मानानं हे काम सावलीतलं होतं.

चित्रपटात आले तेव्हा अडचण निघाली. माझ्या हिंदीला मावळचा वास येतो, असं दिग्दर्शकाचं मत पडलं. ते खरंही होतं. त्यांनी माझे संवाद कापले. मग माझ्या भूमिकेत भोकं पडली. ती बुजवायला मारामाऱ्या घातल्या. चित्रपट चालला आणि मी ॲक्शन नायिका झाले. पुढच्या चित्रपटाच्या वेळी निर्मात्यांनी जाहीर केलं की मी तीन देशांत युद्धकलांचं शिक्षण घेतलं आहे. मी शिकले पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या गाद्यांवर. शेजारी रंगाचा कारखाना होता. आजही कुठं ताज्या रंगाचा वास आला की माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो.

आता तो नेहमीचा प्रश्न. नाही, आम्ही मारत नाही. माझी मूठ समोरच्याच्या गालापासून वीतभर अलीकडे थांबते. कॅमेरा असा लावतात की ती वीत दिसत नाही. आवाज नंतर स्टुडिओत भरतात, बहुधा ओल्या कापडाचा. उंचावरून उडी मारायची असेल तर माझ्यासारखाच पोशाख घातलेली दुसरी मुलगी मारते. तिला डबल म्हणतात. मी तेवढ्यात व्हॅनमध्ये पुस्तक वाचते. वाचन माझं सगळं असंच झालं. एकदा एका सहायकानं आदरानं विचारलं, "मॅडम, स्क्रिप्ट वाचताय?" म्हटलं, "स्क्रिप्ट नाहीये, म्हणून तर वाचतेय."

मग मारामारी करतो कोण? जो पडतो तो. माझी मूठ यायच्या एक पापणी आधी ज्याची मान वळते, जो टेबलावरून, काचेतून, जिन्यावरून जातो आणि तरी मोडत नाही, तो. या लोकांना आमच्याकडे फायटर म्हणतात, पण त्यांचं सगळं कसब पडण्याचं. मारणाऱ्याला काही येत नसलं तरी भागतं. माझंच उदाहरण आहे.

या फायटरांतला सर्वांत उत्तम रशीद. पौडच्या मुलाणी कुटुंबातला, तालमीत वाढलेला, दारात उभा राहिला की घरात अंधार पडावा असा देह. तो माझ्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात माझ्या हातून मेला आहे. एकात तर दोनदा. दुसऱ्यांदा मिशी लावून. त्याचा नियम पक्का : दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत पडलेल्यानं हलायचं नाही. मुंगी चावो, ऊन लागो. एकदा एका दगडखाणीत चित्रीकरण चाललं होतं. दिग्दर्शकांना फोन आला, ते बोलत बोलत गाडीत जाऊन बसले आणि 'कट' म्हणायचं विसरले. युनिटचा चहा झाला, भजी झाली. रशीद आणि त्याची माणसं तापलेल्या दगडांवर मेलेलीच. मी जाऊन म्हटलं, "रशीद, ऊठ रे, चहा घे." डोळे न उघडता तो म्हणाला, "ताई, तुमी नगा सांगू. ज्येनं सांगायचं त्येनं सांगू द्या." मला तेव्हा तो निव्वळ वेडेपणा वाटला.

माझ्या कर्तबगारीचा बाहेर मात्र भलताच बोलबाला. लवळ्याच्या एका कॉलेजात 'स्त्रीशक्ती आणि ॲक्शन' या विषयावर बोलायला नेलं होतं. स्टेजवर फुलांची एवढी मोठी तटबंदी, की मी दिसतच नव्हते. एका मुलीनं विचारलं, "स्टॉपवर उभं असताना कुणी त्रास दिला तर काय करावं?" मी सांगितलं, "जोरात ओरडावं आणि पळावं." मुली हसल्या. आयोजकांचे चेहरे मात्र पडले. त्यांना लाथ हवी होती. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. मागच्या वर्षीच्या आवणीतली. भाताची रोपं आधी एका वाफ्यात वाढवतात आणि मग उपटून खाचरात लावतात, तिला आमच्याकडे आवणी म्हणतात. तोवर माझ्या वाट्याला नायकाच्या पोलीस कमिशनर आईच्या भूमिका यायला लागल्या होत्या, म्हणजे वेळ भरपूर होता. एक दिवस आमच्या सरपंचांचा, दत्ताभाऊंचा, फोन आला.

"ताई, उद्या गावाकडं या. मारामारीची कापडं घालून या."

"कशाला?"

"नदीकडच्या वाटंवर तारेचं कुंपन पडलंय. त्यो नवा बंगल्यांचा प्रकल्प हाय न्हवं, त्येंनी टाकलंय. वाट आमचीच हाय म्हनत्यात. समद्यांची खाचरं पल्याड, आत्याबाईंची बी. फाटकावर काळ्या टी-शर्टातलं सहा बाउन्सर हुबं केल्यात."

"अहो, मग तहसीलदारांकडे जा."

"गेलो की. सुनावनी लागलीय. आवनी झाल्यावरची तारीख हाय."

"पोलीस?"

"ते म्हनत्यात, दिवानी मॅटर हाय. ताई, तुमी एका पिक्चरमदी अख्खं बंदर मोकळं केलं. ही तर नुसती वाट हाय."

"दत्ताभाऊ, ते खोटं असतं हो!"

"आमाला म्हाईत न्हाई व्हय? खोटं हाय म्हनूनच बोलवतुया. खरं मारनारं गावात लई हायेत, पन त्येंच्यावर केस व्हती."

तेवढ्यात फोन आत्यानं घेतला. आत्याला प्रस्तावना माहीत नाही. "कुसे, रोपं उपटून ठिवल्यात. उद्याची इर्जिक सांगितलीया. उद्या चिखलात न्हाई गेली तर जळत्यात." इर्जिक म्हणजे वाडीतली सगळी माणसं एका दिवशी एका घरचं काम उरकतात आणि त्या घरानं त्यांना जेवू घालायचं. आत्याची इर्जिक चुकली तर दुसरा दिवस मिळत नाही. पुढचे सगळे दिवस इतरांनी धरलेले असतात. भात गेलं असतं हे तर खरंच, पण दत्ताभाऊंनी नंतर सांगितलं ते त्याहून वाईट होतं : एक हंगाम जरी त्या वाटेनं कुणी गेलं नाही, की सुनावणीत "इथं वाट नव्हतीच" म्हणायला प्रकल्पवाले मोकळे. म्हणजे आत्याचं एका वर्षाचं भात नव्हे, खाचरंच जाणार होती. जमीन नावावर राहिली असती, पण तिथं पोचायला तिला पंख लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. गावाच्या तोंडाशी फ्लेक्स : 'मुळशीची वाघीण स्वगृही!' मधोमध मी, हातात मशीनगन. भोवती तीसेक शुभेच्छुकांचे चेहरे, काळे चष्मे लावलेले. त्यांतला दत्ताभाऊंचा चेहरा माझ्यापेक्षा मोठा होता.

वाटेवर सिमेंटचे खांब, तारा आणि कुलूप घातलेलं लोखंडी फाटक. अलीकडे चिखलणीचा ट्रॅक्टर, डोक्यावर रोपांच्या मुठींच्या, म्हणजे जुड्यांच्या, पाट्या घेतलेल्या बायका, अंगावर प्लास्टिकच्या खोळी, आणि प्रत्येक मोकळ्या हातात फोन. पावसाची भुरभुर चालली होती. बाजूला प्रकल्पाचे साइट मॅनेजर, काच वर केलेल्या गाडीत. फाटकासमोर सहा काळे टी-शर्ट, हाताची घडी घालून. मधला बघून मी थबकले.

"रशीद? तू हितं?"

"ताई?" हाताची घडी सुटली. "शूटिंग न्हाई तवा हेच काम. लग्नात हुबा ऱ्हातो, दहीहंडीला हुबा ऱ्हातो. हितं हुबा हाय."

त्याच्या शेजारचा लाजत म्हणाला, "ओळखलं का ताई? तुमी मला काचेतनं टाकल्यालं." सहांपैकी पाच जण माझ्या हातून कधी ना कधी मेलेले निघाले. सहावा नवा होता, त्याला याचं वाईट वाटलेलं दिसलं.

मी हळू आवाजात आत्याचं सांगितलं. रशीद पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला. "आमी बाजूला झालो तर आमचं काम जातंय. न्हाई झालो तर आत्याबाईचं जातंय."

"मग?"

त्यानं गाडीकडे बघितलं, खांबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मंग पडतो की. बाजूला व्हनाऱ्याला सायेब बोलंल. पडलेल्याला काय बोलनार?"

तालमीशिवाय मारामारी होत नाही, निदान आमच्याकडे तरी. पण मॅनेजर समोर. तो प्रश्न दत्ताभाऊंनी सोडवला. माझ्या सत्कारासाठी आणलेली शाल आणि नारळ घेऊन ते गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केली. "सायेब, गावच्या वतीनं आपला सत्कार." सत्काराला नाही म्हणणारा माणूस मी चित्रपटसृष्टीत पाहिलेला नाही, बांधकामातही नसावा. मॅनेजर खाली उतरले. दत्ताभाऊंनी प्रास्ताविक सुरू केलं. त्यांचं प्रास्ताविक शिवकाळापासून सुरू होतं. आम्ही सात जण आत्याच्या गोठ्यामागं गेलो.

"उडी कोण मारणार?" मी पहिला व्यावहारिक प्रश्न काढला.

"आज डबल न्हाई ताई."

"आणि चिखल आहे. मी घसरणार."

रशीदनं मला आपादमस्तक बघितलं. इतक्या वर्षांच्या सहवासातून आलेली माझ्या कौशल्याची पुरेपूर जाण त्या नजरेत होती. "ताई, तुमी आदी मॉडेल व्हता न्हवं? मंग नुसत्या हुब्या ऱ्हावा. हात तेवढं हालवा. बाकी आमी बगतो." मग तो इतरांकडे वळला. "तू डाव्या खांबावर पड. तू उजव्या. चारच दिस झाल्यात रोवून, माती वली हाय, येतील हातासरशी. मी फाटक घेतो. आन्‌ नवा, तू पळून जायाचं न्हाई, तू बी पडायचं. कसं पडायचं ते माझं बगून."

आम्ही परत आलो तेव्हा दत्ताभाऊ छत्रपतींकडून ग्रामपंचायतीच्या नळ योजनेपर्यंत पोचले होते. मी फाटकासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "वाट सोडा." हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला संवाद. मराठीत होता, कुणी कापला नाही.

पहिला धावत आला. मी हात फिरवला, त्यानं वेळेवर मान झटकली आणि तो डाव्या खांबावर गेला. खांब कलला. पण काहीतरी चुकत होतं. गाव गप्प होतं. तेव्हा ध्यानात आलं : आवाज! आवाज तर नंतर भरतात. माझा ठोसा चिखलात चप्पल ठेवावी तितक्या शांतपणे लागला होता. दुसरा आला, आणि त्याच क्षणी मागून 'फाट्ट' असा सणसणीत आवाज आला. एका बाईनं रोपांची ओली मूठ दुसऱ्या तळहातावर हाणली होती. मग सगळ्याच बायकांना ते सापडलं. फाट्ट! फाट्ट! स्टुडिओतल्यापेक्षा कितीतरी सरस. मधूनच आत्याचं ऐकू यायचं, "अगं हळू, रोपं मोडत्याल!"

उजवा खांब गेला. तिसऱ्याच्या वेळी मी ठरल्याप्रमाणे घसरले, म्हणजे ठरलं नव्हतं तरी मला खात्री होतीच. रशीदनं मला पडता पडता मनगटाला धरलं, सरळ केलं, आणि जणू मीच त्याला खांद्यावरून भिरकावला आहे असा तो हवेत गेला. तो फाटकावर पडला. फाटक त्याच्याखाली पडलं, मागोमाग राहिलेले जुने गडीही पडले. नवा घाबरून माझ्यापासून बऱ्याच लांब, कुणीही हात न लावता, आपणहून कोसळला. व्हिडिओत त्याचं श्रेय माझ्या नजरेला दिलं गेलं आहे.

मॅनेजर खांद्यावर शाल, हातात नारळ अशा वेशात धावत आले. "ए, उठा! उठा यार! हे काय चाललंय?" कुणी हललं नाही. त्यांनी रशीदला बुटानं ढोसलं. रशीद मेलेला होता. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, ही अ‍ॅसॉल्ट आहे. मी कम्प्लेंट करीन."

"दिवाणी मॅटर आहे," मी म्हटलं.

त्यांनी एजन्सीला फोन करून आणखी माणसं मागवली. मग शाल सारखी केली आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाय द वे मॅडम, मिसेस तुमच्या फॅन आहेत. एक सेल्फी?" आम्ही सेल्फी काढला. मागं सहा जण पडलेले नीट दिसावेत म्हणून त्यांनी कोन बदलून पुन्हा काढला.

तेवढ्यात ट्रॅक्टर गेला, तारांवरून, पडलेल्यांना वळसा घालून. मागून बायका गेल्या, साड्यांचे ओचे सावरत. गावात फिरलेला व्हिडिओ इथं संपतो. सुनावणीत प्रकल्पवाल्यांचे वकील म्हणाले, या जागी वाट कधी नव्हतीच. दत्ताभाऊंनी तहसीलदार साहेबांपुढे फोन धरला : "मंग ह्यो टॅक्टर काय आभाळातनं उतरला?" साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. दुसऱ्यांदा, माझा संशय आहे, केवळ करमणुकीसाठी. वाट मोकळी राहिली. व्हिडिओखाली लोकांनी मला दुर्गा म्हटलं, रणरागिणी म्हटलं, एकानं आमदारकीला उभं राहा म्हटलं. पडणारे कोण, असं कुणीही विचारलं नाही. त्यांना एजन्सीनं काढून टाकलं, कारण पडणारा बाउन्सर कुणाला हवा असतो? रशीद आता पिरंगुटच्या त्याच शेडमध्ये नव्या पोरांना पडायला शिकवतो. मी त्याचं नाव तीन निर्मात्यांना श्रेयनामावलीसाठी सुचवलं. तिघंही म्हणाले, जरूर, आणि तिघांच्याही चित्रपटांत ते नाही.

पण व्हिडिओ संपल्यानंतरचं एक राहिलं.

मीही खाचरात उतरले. बऱ्याच वर्षांनी रोपं लावली, इतकी वाकडी की शेजारची बाई ती उपटून पुन्हा लावत होती. निम्म्याहून अधिक आवणी उरकली, बांधावर भाकरीच्या पाट्या आल्या, कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला. आत्या माणसं मोजत होती. ती थांबली. "कुसे, ती पोरं कुटं हायेत गं?"

"कोण पोरं?"

"तू मारल्याली."

मी धावत वर गेले. सहाही जण तिथंच होते. भुरभुर पावसात, चिखलात, जसे पडले तसे. कुणीतरी जाता जाता त्यांच्यावर प्लास्टिकच्या खोळी टाकल्या होत्या. पलीकडे मॅनेजर गाडीत बसून फोनवर ओरडत होते. नवी माणसं पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. आणि तेव्हा मला उशिरा का होईना कळलं, की हे लोक उठले असते तर मॅनेजरनं त्यांनाच खांब पुन्हा रोवायला लावले असते. मेलेल्यांना खांब रोवता येत नाहीत.

मी रशीदजवळ उकिडवी बसले. "रशीद."

डोळे मिटलेलेच. ओठ जेमतेम हलले. "ताई, समद्या बाया गेल्या का?"

"गेल्या. आवणी निम्म्याच्या वर झाली. आता खांब रोवून उपयोग नाही. ऊठ."

तो उठला नाही. शेजारचाही नाही. नवासुद्धा नाही, शिकला होता.

"ताई," रशीद समजुतीच्या सुरात म्हणाला, "मंग म्हना की."

इतक्या वर्षांत तो शब्द मी हजारो वेळा ऐकला होता. म्हटला एकदाही नव्हता. माझ्या कामात तो बसत नव्हता. मागं वळून पाहिलं तर आत्या भाकरीची पाटी काखेत घेऊन, फाटकाच्या गजांवरून जपून पाय टाकत येत होती.

"कट," मी म्हणाले.

सहा माणसं चिखलातून उठून बसली. रशीदनं एक डोळा पुसला आणि अगदी सवयीनं विचारलं, "ओके हाय का ताई, का आनखी एक टेक?"

"आदी जेवा," आत्या म्हणाली. "मंग काय पडायचं ते पडा."